परक्या मुळाक्षरांचे जीव

१९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ हा ब्रिटिश डॉक्टर न्यूमोनियाच्या जिवाणूंवर काम करत होता. त्याच्याकडे या जिवाणूंचे दोन वाण होते. एकाच्या अंगावर शर्करेचं आवरण असे, त्यामुळे थाळीत त्याच्या वसाहती गुळगुळीत दिसत. हा टोचला की उंदीर मरे. दुसऱ्याला ते आवरण नव्हतं. तो खडबडीत दिसे आणि उंदराला त्याचं सोयरसुतक नसे. ग्रिफिथने गुळगुळीत जिवाणू तापवून मारले आणि टोचले. उंदीर ठणठणीत राहिले. मग त्याने मेलेले गुळगुळीत आणि जिवंत खडबडीत असे दोन्ही एकत्र टोचले. दोघांपैकी कोणीही एकटा उंदीर मारू शकत नव्हता. तरी उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात गुळगुळीत जिवाणू जिवंत सापडले.

मेलेले काही उठून बसले नव्हते. जिवंतांनी त्यांचं सामान उचललं होतं. ते सामान म्हणजे डीएनए, हे पुढे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी दाखवून दिलं.

पुस्तकांत हा प्रयोग ‘डीएनए हाच आनुवंशिकतेचा पदार्थ’ या धड्याच्या तोंडी येतो आणि आपण तेवढंच पाठ करून पुढे जातो. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त खुपते. जीव मेला म्हणून त्याच्यातला मजकूर मरत नाही. जिवाणूंच्या जगात उघड्यावर पडलेला डीएनए म्हणजे वाटेत पडलेली चिठ्ठी. कोणीही उचलावी, वाचावी आणि उपयोगाची वाटली तर आपल्या वहीत डकवावी. जिवाणू हे सतत करत असतात. एका जातीतली प्रतिजैविकांना दाद न देण्याची युक्ती भलत्याच जातीत पोहोचते ती बऱ्याचदा याच वाटेने.

आता कृत्रिम जीवशास्त्राकडे येऊ. जिवाणूंकडून इन्सुलिन बनवून घेण्याला चाळीस वर्षं उलटून गेली. पण ते जिवाणू बंद टाकीत राहतात, काम करतात आणि तिथेच संपतात. पुढचे बेत मोकळ्यावरचे आहेत: आतड्यात राहून औषध बनवणारे जिवाणू, जमिनीतलं विष खाणारे, पिकांच्या मुळांशी नायट्रोजन पोचवणारे. अशा जीवाला बाहेर सोडायचं म्हटलं की दोन वेगवेगळ्या काळज्या उभ्या राहतात. एक, तो जीव नको तिथे पसरेल. दोन, जीव मेला तरी त्याच्यात आपण लिहिलेला मजकूर दुसरा कोणी उचलेल. पहिली काळजी सगळ्यांना सुचते. दुसरी ग्रिफिथच्या उंदरांना कळली होती.

लंगडा जिवाणू आणि बिघडणारी कळ

एका जीवाचा डीएनए कापून दुसऱ्यात जोडण्याचं तंत्र १९७३ च्या सुमारास हाती आलं, तेव्हा शास्त्रज्ञ स्वतःच दचकले. पॉल बर्ग यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे सुमारे १४० जण जमले आणि कोणते प्रयोग किती बंदोबस्तात करायचे याचे नियम ठरू लागले. त्यातली एक कल्पना अशी होती की जिवाणूच मुद्दाम असा लंगडा करायचा की प्रयोगशाळेबाहेर त्याचा निभाव लागू नये.

रॉय कर्टिस यांनी ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूचा असा वाण तयार केला. नाव ‘काय-१७७६’ (‘काय’ हे ग्रीक अक्षर), अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने. त्याला डायअमिनोपिमेलिक आम्ल बाहेरून पुरवावं लागे. ते नसेल तर त्याची पेशीभित्तिका बांधली जात नसे आणि तो फुटून जाई. पित्तरसाने तो मरे, अतिनील किरणांनी मरे. कल्पना चोख होती, पण दोन ठिकाणी पाणी मुरत होतं. डायअमिनोपिमेलिक आम्ल हे काही जगावेगळं रसायन नाही. असंख्य जिवाणूंच्या भित्तिकेत ते असतंच, म्हणजे मेलेल्या शेजाऱ्याच्या अवशेषांतून ते मिळू शकतं. आणि या लंगड्या जिवाणूचा डीएनए मात्र मुळीच लंगडा नव्हता. कुठलाही धडधाकट शेजारी तो सहज वाचू शकला असता.

दुसरा मार्ग आत्मघाती कळीचा. पेशीत विषाचं जनुक घालायचं आणि ते दाबून ठेवणारं रसायन टाकीत मिसळायचं. पेशी टाकीबाहेर गेली की रसायन संपतं, विष तयार होतं, पेशी मरते. ऐकायला छान वाटतं. पण ज्या पेशीत विषाचं जनुक अपघाताने बिघडतं ती जगते आणि तिचीच प्रजा वाढते. आपण एका अर्थी बिघाडाची निवड करणारी चाळणीच लावलेली असते.

इथे थोडं गणित केलंच पाहिजे, कारण सगळा विषय या गणितावर उभा आहे. चांगलं अन्न मिळालं तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी एक पेशी सोडली तर दहा तासांत तीस वेळा दुप्पट होऊन ती शंभर कोटींच्या वर जाते. दाट वाढलेल्या द्रवाच्या एका मिलिलीटरमध्ये साधारण तेवढ्याच पेशी असतात. समजा कळ बिघडण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. म्हणजे प्रत्येक मिलिलीटरमध्ये हजार पेशी निसटायला तयार. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने यासाठी घातलेली मर्यादा आहे दहा कोटी पेशींत एक. फार कडक वाटते ना? हजार लीटरची टाकी घ्या. त्या मर्यादेत राहूनही तिच्यात एक कोटी पेशी निसटू शकतात.

एका कुलपाने भागत नाही म्हटल्यावर दोन-तीन कुलपं लावायची, हा सरळ उपाय आणि तो केलाही जातो. पण काही लोकांनी प्रश्नच बदलला. कुलूप घट्ट करण्यापेक्षा मजकुराची भाषाच वेगळी केली तर? चिठ्ठी रस्त्यावर पडली तरी कोणाला वाचताच येऊ नये. या शाखेला झेनोबायॉलॉजी म्हणतात. ‘झेनो’ हा ग्रीक शब्द, अर्थ परका.

कमळ, पंकज, जलज

भाषा बदलायची तर तीन ठिकाणी हात घालता येतो. डीएनएची अक्षरं बदला, अक्षरं ज्या दोऱ्यात ओवली आहेत तो दोरा बदला, किंवा अक्षरं आणि दोरा तसाच ठेवून शब्दकोश बदला. आजवर सगळ्यात पुढे गेलं आहे ते तिसरं काम, म्हणून तिथून सुरुवात.

डीएनएमध्ये चार अक्षरं आहेत: ए, टी, जी आणि सी. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचते. चार अक्षरांतून तीन अक्षरी शब्द होतात ६४. त्यांतले ६१ शब्द कुठलं ना कुठलं अमिनो आम्ल सांगतात आणि उरलेले ३ म्हणजे पूर्णविराम. प्रथिनं बनवायला लागणारी नेहमीची अमिनो आम्लं आहेत फक्त २०. म्हणजे शब्द जास्त आणि अर्थ कमी. समानार्थी शब्दांची चंगळ.

आपल्याकडे कमळ, पंकज आणि जलज हे तीन अक्षरी शब्द आहेत, तिघांचाही अर्थ एक. आता समजा एक जाडजूड ग्रंथ घेतला आणि त्यात जिथे जिथे ‘कमळ’ आहे तिथे ‘पंकज’ लिहिलं. ग्रंथाचा अर्थ तसूभरही बदलला नाही, पण ‘कमळ’ हा शब्द मोकळा झाला.

नेमकं हेच केम्ब्रिजच्या एमआरसी रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत जेसन चिन यांच्या गटाने केलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. सेरीन या अमिनो आम्लासाठी सहा समानार्थी शब्द आहेत. त्यांतले दोन, शिवाय तीनपैकी एक पूर्णविराम, असे तीन शब्द त्यांनी ई. कोलायच्या संपूर्ण जीनोममधून, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनए-मजकुरातून, हद्दपार केले. बदल करावे लागले १८,२१४ ठिकाणी. इतक्या दुरुस्त्या जुन्या प्रतीत खाडाखोड करून जमण्यातल्या नव्हत्या. त्यांनी सुमारे चाळीस लाख अक्षरांचा अख्खा जीनोम नव्याने रसायनांतून बनवला आणि तुकड्यातुकड्याने जुन्याच्या जागी बसवला. उरले ६१ शब्द, म्हणून या जिवाणूचं नाव सिन-६१. तो जगला. मूळ भावंडापेक्षा मंद वाढला, पण जगला.

शब्द ग्रंथातून काढला तरी शब्दकोशात तो अजून होता. पेशीचा शब्दकोश म्हणजे टीआरएनए नावाचे छोटे रेणू. प्रत्येक जण ठरावीक शब्द ओळखतो आणि त्याचं अमिनो आम्ल हातात घेऊन येतो. २०२१ मध्ये त्या मोकळ्या शब्दांची पानंही फाडून टाकली गेली. मग गंमत सुरू झाली. जिवाणूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना फेज म्हणतात. फेज स्वतःचा मजकूर घेऊन येतो, पण वाचनालय पाहुण्याचं नसतं, यजमानाचं असतं. त्याच्या मजकुरात ‘कमळ’ पावलोपावली. यजमानाच्या कोशात ते पानच नाही. वाचन तिथेच अडतं, प्रथिनं अर्धवट राहतात आणि विषाणू आतल्या आत बारगळतो. टाकीत फेज शिरला तर अख्खी बॅच पाण्यात जाते, त्यामुळे उद्योगांना या गोष्टीत जास्त रस होता, सुरक्षिततेत कमी. असो.

विषाणू मात्र बिलंदर निघाले. निसर्गातून गोळा केलेल्या फेजांपैकी काही जण आपला टीआरएनए सोबतच घेऊन येतात, म्हणजे शब्दकोशाचं फाटलेलं पान खिशात घालून. हार्वर्डमध्ये अकोस न्येर्गेस, जॉर्ज चर्च आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये हे दाखवलं आणि त्यावर उपायही केला. त्यांनी पान कोरं ठेवलं नाही, त्यावर चुकीचा अर्थ लिहिला. सेरीनच्या त्या दोन शब्दांना ल्युसीन या दुसऱ्याच अमिनो आम्लाचा अर्थ देणारे टीआरएनए पेशीत घातले. आता ‘कमळ’ म्हणजे ‘दगड’. विषाणूने खिशातलं पान काढेपर्यंत त्याच्या मजकुरातल्या प्रत्येक कमळाचा दगड झालेला असतो.

या जागी एक बारकावा आहे आणि तो बातम्यांत हमखास निसटतो. ‘कमळ’ नुसतं काढून टाकलं तर भिंत एकतर्फी होते. बाहेरचा मजकूर आत वाचला जात नाही, पण आतला बाहेर अगदी व्यवस्थित वाचला जातो, कारण ‘पंकज’ सगळ्यांनाच कळतं. सिन-६१ चा डीएनए वाटेवर पडला तर साधा ई. कोलाय तो मजेत वाचेल. ग्रिफिथची चिठ्ठी तशीच राहिली. ‘कमळ’ म्हणजे ‘दगड’ असं ठरवून महत्त्वाची जनुकं त्या नव्या अर्थाने लिहिली, तरच ती बाहेरच्यांना निरर्थक होतात. तेव्हा भिंत दोन्ही बाजूंनी उभी राहते.

जगात कुठेच न मिळणारं अन्न

मोकळ्या झालेल्या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला तो सर्वांत हुशार भाग.

२०१३ मध्ये चर्च आणि फारेन आयझॅक्स यांच्या गटांनी ई. कोलायमधले एका जातीचे सगळे ३२१ पूर्णविराम बदलून तो शब्द रिकामा करून ठेवला होता. २०१५ मध्ये दोघांनी वेगवेगळ्या वाटेने त्या रिकाम्या शब्दाला नवा अर्थ दिला: निसर्गात नसलेलं अमिनो आम्ल. चर्च यांच्या गटाने निवडलं बायफेनिलअलॅनिन, ज्याच्या शेपटीला बेन्झिनची दोन कडी एकमेकांना जोडलेली असतात. नेहमीच्या वीस जणांत इतकं आडमाप कोणी नाही.

मग त्यांनी पेशीला ज्यांच्यावाचून जगताच येत नाही अशी काही प्रथिनं घेतली. प्रथिन म्हणजे घडी घातलेला लांब दोरा, आणि त्या घडीच्या पोटात सगळं गच्च बसलेलं असतं. संगणकावर आराखडा करून त्यांनी ते पोट असं कोरलं की तिथली पोकळी फक्त या दोन कड्यांच्या पाहुण्यानेच भरावी. तो मिळाला तर प्रथिन नीट मिटतं. नाही मिळाला, किंवा त्याच्या जागी दुसरं कोणी बसलं, तर पोटात पोकळी राहते, घडी ढासळते आणि पेशी मरते.

कर्टिसच्या लंगड्या जिवाणूशी याची तुलना करून पाहा. त्याचं पथ्य शेजाऱ्याच्या उष्ट्यात सापडण्यासारखं होतं. याचं पथ्य पृथ्वीवर कुठल्याच जीवात नाही. आत्मघाती कळीपेक्षाही हे वेगळं. तिथे एक विष बिघडवलं की सुटका होत होती. इथे सुटायचं तर अनेक प्रथिनांची पोटं एकाच वेळी दुरुस्त करावी लागतात. आयझॅक्स यांच्या गटाचा सर्वांत भक्कम वाण तपासताना सुमारे १०० अब्ज पेशी थाळ्यांवर पसरून सात दिवस वाट पाहिली गेली. एकही वसाहत उगवली नाही.

याचा अर्थ निसटण्याची शक्यता शून्य, असा होत नाही. एवढाच होतो की तेवढ्या थाळ्यांवर ती दिसली नाही. मघाच्या हजार लीटरच्या टाकीत त्याच्या दहा हजार पट पेशी मावतात. हे संशोधक मोकळेपणाने मान्य करतात. बातमीचा मथळा करत नाही.

नवी अक्षरं, नवा दोरा

उरलेल्या दोन वाटा दिसायला जास्त नाट्यमय आहेत, पण प्रत्यक्षात बऱ्याच मागे आहेत.

अक्षरांची गोष्ट आधी. डीएनएच्या दोन पट्ट्यांत ए समोर टी येतो आणि जी समोर सी. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत फ्लॉइड रोम्सबर्ग यांनी तिसरी जोडी बनवली. तिची गंमत अशी की नेहमीच्या जोड्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात, ही जोडी मात्र तेलाचे थेंब पाण्यात जसे जवळ येतात तशी जवळ येते. दोघांनाही पाणी नको, म्हणून दोघं एकत्र. २०१४ मध्ये त्यांनी ही जोडी जिवंत ई. कोलायमधल्या डीएनएच्या एका छोट्या कड्यात टिकवून दाखवली. या अक्षरांचा कच्चा माल पेशी स्वतः बनवू शकत नाही, म्हणून तो भांड्यात घातला होता. तो आत ओढून घेण्यासाठी एका शैवालाकडून उसनं घेतलेलं प्रथिन पेशीच्या आवरणात बसवलं होतं. २०१७ पर्यंत हा मजकूर वाचून त्यापासून प्रथिनही बनवून झालं.

याला कोणी ‘पूर्ण सुरक्षित जीव’ म्हटलं की मी भुवया उंचावतो. पुरवठा थांबवला तेव्हा २०१४ चा तो जिवाणू मेला नाही. त्याने परकी अक्षरं हळूहळू गाळली, त्या जागी नेहमीची भरली आणि तो सुखाने वाढत राहिला. म्हणजे मजकूर पुसला गेला, जीव उरला. मजकूर पसरण्याची काळजी असेल तर हे उत्तमच. जीव पसरण्याची असेल तर याने काही साधलं नाही. अक्षर नवीन असलं की धोका आपोआप टळतो, हा समज इथेच संपायला हवा.

स्टीव्हन बेनर यांच्या गटाने २०१९ मध्ये आठ अक्षरांचा डीएनए जाहीर केला. नाव ‘हाचिमोजी’, जपानीत हाचि म्हणजे आठ आणि मोजी म्हणजे अक्षर. यातल्या नव्या जोड्या मात्र जुन्या पद्धतीने, हायड्रोजन बंधांनीच जुळतात. हे काम परीक्षानळीतलं, जिवंत पेशीतलं नाही.

दोऱ्याची गोष्ट रसायनाच्या दृष्टीने सगळ्यात धाडसी. डीएनएचा दोरा साखर आणि फॉस्फेट यांच्या आळीपाळीने गुंफलेल्या कड्यांचा असतो. यातली साखर बदलली तर जे तयार होतं त्याला एकत्रितपणे एक्सएनए म्हणतात. त्यांतल्या टीएनएमध्ये चार कार्बनची छोटी साखर असते, एचएनएमध्ये सहा कोनांचं मोठं कडं. १९९१ मध्ये कोपनहेगनला बनलेल्या पीएनएमध्ये तर साखरही नाही आणि फॉस्फेटही नाही, प्रथिनांच्या दोऱ्यासारखा दोरा आणि त्यावर तीच जुनी अक्षरं लटकवलेली.

असे रेणू बनवणं रसायनशास्त्रज्ञांना जमत होतं. अडत होतं ते नक्कल काढण्यात. डीएनएची नक्कल पॉलिमरेझ नावाची एन्झाइम काढतात आणि कोट्यवधी वर्षांच्या सवयीमुळे ती परक्या दोऱ्याला हात लावत नाहीत. २०१२ मध्ये फिलिप होलिगर, व्हिटर पिन्हेरो आणि सहकाऱ्यांनी पॉलिमरेझ वळवून दाखवली. एक जण डीएनए वाचून एक्सएनए लिहितो, दुसरा एक्सएनए वाचून पुन्हा डीएनए लिहितो. सहा प्रकारच्या परक्या दोऱ्यांवर हे जमलं आणि एचएनएच्या रेणूंमधून निवड करत करत विशिष्ट लक्ष्याला चिकटणारे रेणूही मिळवता आले. आनुवंशिकता आणि उत्क्रांती ही डीएनए-आरएनएची मक्तेदारी नाही, हे त्यातून कळलं. हेही काम केम्ब्रिजच्या त्याच प्रयोगशाळेतलं, जिथे पुढे सिन-६१ झाला.

दरम्यान या परक्या दोऱ्यांचे नातेवाईक दवाखान्यात पोहोचलेही आहेत. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी झिजवणाऱ्या एसएमए या आजारावर २०१६ मध्ये मान्यता मिळालेलं नुसिनर्सेन हे औषध म्हणजे साखर आणि फॉस्फेट दोन्ही बदललेला छोटा दोरा. शरीरातली एन्झाइम त्याला सहजी कुरतडू शकत नाहीत, म्हणून सुरुवातीचे डोस झाल्यावर चार महिन्यांतून एकदा देऊन भागतं. करोनाच्या एमआरएनए लशींमध्येही यू या अक्षराच्या (आरएनएत टीऐवजी यू असतो) जागी किंचित बदललेलं अक्षर होतं. पेशी ते यू म्हणूनच वाचते, पण शरीराचे पहारेकरी त्याला पाहून आरडाओरडा कमी करतात. कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते अशा बदलांसाठी.

पहारेकरी आरडाओरडा कमी करतात. लशीत ती सोय आहे. ती प्रत्येक वेळी सोय असेलच असं नाही.

आरशातला जिवाणू

फिलिप मार्लिएर यांच्यासारख्या लोकांनी या क्षेत्राला एक सूत्र दिलं होतं: निसर्गापासून जितकं दूर, तितकं सुरक्षित. परका जीव आपल्याशी संकर करू शकत नाही, आपला मजकूर वाचू शकत नाही, आपल्याला बाधू शकत नाही. पटण्यासारखं आहे. मलाही बरेच दिवस ते पटत होतं.

आता उजवा हात आरशासमोर धरा. आरशातला हात डावा दिसतो आणि उजव्या हाताचा मोजा त्यात जात नाही. रेणूंनाही असा डावा-उजवा भेद असतो. पृथ्वीवरचे सगळे जीव एकाच बाजूची अमिनो आम्लं वापरून प्रथिनं बनवतात आणि एकाच बाजूची साखर डीएनएत घालतात. सगळंच्या सगळं उलट्या बाजूचं असलेला जिवाणू बनवला तर तो परका म्हणजे किती परका! त्याचा मजकूर आपल्यातला कोणीही उचलू शकणार नाही. या दिशेने तुकडे बनतही होते. चीनमध्ये टिंग झू यांच्या गटाने २०१६ मध्ये आरशातलं एक छोटं पॉलिमरेझ बनवलं आणि नंतर मोठंही.

डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन ‘असा जिवाणू बनवू नका’ असं जाहीर आवाहन केलं. त्यांत स्वतः त्या वाटेवर काम केलेल्या केट ॲडॅमाला यांचंही नाव होतं. कारण सरळ आहे, फक्त उलट्या बाजूने पाहिलं पाहिजे. जो आपल्याला ओळखत नाही त्याला आपणही ओळखत नाही. फेज त्याला बाधणार नाहीत. जिवाणू खाऊन जगणारे सूक्ष्मजीव त्याला गिळले तरी पचवू शकतील का, ही शंकाच. शरीरातली प्रतिकारयंत्रणा रेणूंचे आकार चाचपून शत्रू ओळखते, आणि इथे प्रत्येक आकार उलटा. जखमेतून आत शिरलेला असा जिवाणू विष सोडणार नाही, हल्ला करणार नाही, नुसता वाढत राहील आणि तेवढंच पुरेसं असेल.

मग हा उलटा जीव खाणार काय? सूत्राला तडा जातो तो इथेच. ग्लिसरॉलसारख्या काही अन्नघटकांना डावं-उजवं नसतंच. आणि तो प्रकाशावर जगणारा असेल तर त्याला हवा कार्बन डायऑक्साइड, पाणी, ऊन आणि थोडे क्षार. आरशासमोर धरले तरी हे सगळे जसेच्या तसे दिसतात.

म्हणून मी आता कोणत्याही नव्या कृत्रिम जीवाची बातमी वाचताना तो किती वेगळा आहे हे नंतर बघतो. आधी बघतो तो कशावर जगतो आणि त्याला कोण खाऊ शकतं. बायफेनिलअलॅनिनवर जगणारा ई. कोलाय बाकी अगदी ओळखीचा आहे. फेज सोडले तर त्याचे बहुतेक शत्रू शाबूत आहेत आणि त्याचं पोट आपल्या हातात आहे. आरशातल्या जिवाणूचं नेमकं उलट.

एक्सएनएचा जीव या दोहोंत कुठे बसेल? त्याच्या परक्या साखरेचे तयार तुकडे निसर्गात मिळत नाहीत, म्हणजे पोटाची दोरी आपल्या हातात राहील, निदान तो ते तुकडे स्वतः बनवायला शिकेपर्यंत. त्याची प्रथिनं नेहमीच्याच बाजूची असतील, म्हणजे पहारेकऱ्यांना तो दिसेल. कागदावर हा हिशेब चांगला आहे. पण असा जीव अजून नाही. एक्सएनए आजही नळीत बनतो आणि नळीतच राहतो. शिवाय त्याची नक्कल काढणारं पॉलिमरेझ हे प्रथिन आहे. ते बनवण्याची कृती डीएनएत लिहिलेली आहे, ए, टी, जी आणि सी या चार जुन्या अक्षरांत, आणि ती कुठल्याही साध्या ई. कोलायला वाचता येते.